पप्पांचे थेंब आणि दयाचं नाक

नागापूर, अहिल्यानगर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. पप्पांना,
सून रूथ हिचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

आज मी बोलत असतानाच तुम्ही फोन ठेवून दिलात. पुन्हा लावला तर आईंनी उचलला आणि तुम्ही म्हशीकडे गेलात असं सांगितलं. राग आला की तुम्ही म्हशीजवळ जाऊन बसता, हे लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. म्हणून पत्र लिहिते. फोन मध्येच ठेवता येतो, पत्र मध्येच ठेवलं तरी ते तिथेच पडून राहतं. गहिनीनाथभाऊंच्या दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवते आहे, त्यामुळे पोस्टाच्या नावाने मिळालं नाही असंही म्हणता येणार नाही.

दयाला जूनमध्ये तुमच्याकडे ठेवली ती कशासाठी, ते आधी लिहिते, कारण तुम्ही ते विसरलात असं मला रविवारी वाटलं. आमच्या खोलीमागे फाउंड्री आहे. खिडकी सकाळी पुसली तरी दुपारी बोट काळं होतं. चार वर्षांच्या पोरीचं नाक बारा महिने चोंदलेलं, तोंड उघडं टाकून झोपायची, घास चावता चावता श्वासासाठी थांबायची. डॉक्टरमॅडमनी धुळीची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं, आणि तुम्हीच म्हणालात की आमच्या मोकळ्या हवेत द्या तिला. दिली. पोटची पोर लांब ठेवून मी इथे कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधते आणि रविवारची वाट बघते.

आणि या रविवारी काय बघितलं? नाताळच्या गाण्याची तालीम सुरू व्हायच्या आधी तुम्ही दयाला मांडीवर आडवं घेतलंत, खिशातली तुमची बाटली काढलीत आणि तिच्या दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडलेत. ती रडली नाही, म्हणजे सवयीची झाली आहे. विचारलं तर वर अभिमानाने सांगितलंत की दसऱ्यापासून रोज घालतो, त्याशिवाय पोरीला पहिलं कडवं एकटीने म्हणता येत नाही, सूर नाकात अडकतो.

पप्पा, ते थेंब मोठ्या माणसाचे आहेत. बाटलीवर तसं लिहिलेलं आहे. जन्मभर तुम्ही पोरांना नीट वाचा म्हणून छड्या मारल्यात आणि स्वतः एवढं वाचलं नाहीत? आज मॅडमना फोन केला. असल्या थेंबांनी नाक काही तास उघडतं आणि मग आधीपेक्षा घट्ट बंद होतं. चार-पाच दिवसांच्या वर घातले की नाक त्यांच्यावाचून उघडतच नाही. आणि एवढ्या लहान मुलाला मोठ्यांचे घातले तर मूल पेंगतं, छातीचे ठोके मंद होतात. मॅडम माझ्यावर ओरडल्या आणि मी ऐकून घेतलं, कारण सासऱ्यांनी घातले असं सांगायची मला लाज वाटली.

आजपासून ते बंद. सुनेने सासऱ्याला असं लिहू नये हे मला कळतं. पण मी दयाची आई आधी आहे, तुमची सून नंतर.

आईंना सलाम. उत्तर टेम्पोबरोबरच पाठवावं. राग आला तरी पाठवावं.

आपली,
रूथ


भोरवस्ती, ता. जामखेड
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रूथ हिस,
शमुवेल यांचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गहिनीनाथने ते दुधाच्या कॅनखाली ठेवलं होतं, त्यामुळे निम्मी शाई पसरली. वाचता आलं तेवढंच पुरे झालं. म्हशीचं वाक्य मात्र अगदी स्वच्छ राहिलं आहे.

हे थेंब मी तीस वर्षं घालतो आहे. खडूच्या धुळीने माझं नाक बंद पडायचं, वर्गात धडा वाचता येईना. जामखेडच्या मेडिकलवाल्याने बाटली दिली, तेव्हापासून नाक उघडं आणि आवाज मोकळा. आपल्या मंडळीत एकही उपासना माझ्या आवाजावाचून सुरू झालेली नाही. मी कुठे पेंगलो? माझे कुठे ठोके बंद पडले? दयाचं नाक तर पहिल्याच दिवशी दार उघडावं तसं उघडलं. तुमच्या मॅडमच्या औषधाला जे सहा महिन्यांत जमलं नाही ते दोन थेंबांनी झालं, आणि तू मला बाटली वाचायला शिकवतेस. आता हेच बघायचं राहिलं होतं.

आणि तुला पोर लांब ठेवल्याचं दुःख आहे, ते मी समजू शकतो. पण तुम्ही रविवारी येता, खाऊ देता आणि सोमवारी पहाटे निघून जाता. पोर घुसमटून उठते ती सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. तेव्हा तिला उभी खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या कोण मारतं? आडवं केलं की तिचं नाक बंद होतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसतो आणि ती माझ्या छातीवर बसल्या बसल्या झोपते. हे तुझ्या मॅडमना सांगितलंस का? माझी पाठ विचारून बघ कधीतरी.

तरी तू आई आहेस. म्हणून लिहून देतो. आजपासून दयाच्या नाकात माझ्या हातून एक थेंबही पडणार नाही. शमुवेल मास्तरांनी दिलेला शब्द मोडला असं या वस्तीत कोणी म्हणणार नाही. आता तिचं नाक कसं उघडायचं ते तू सांग. नुसतं बंद करा म्हणायला काय लागतं? शाळा तपासायला येणारे साहेबही तेवढंच म्हणून जेवून जायचे.

अँड्र्यूला आशीर्वाद. बायको बापाला पत्र लिहिते तेव्हा निदान खाली सही तरी करावी म्हणावं, म्हणजे तो जिवंत असल्याचं आम्हाला कळेल.

रागावलेला,
पप्पा


नागापूर, अहिल्यानगर
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. पप्पांना,
रूथचा सलाम. वि. वि.

ती तुमच्या छातीवर बसून झोपते हे वाचून मी रडले. रडून झाल्यावर पुन्हा राग आला, कारण हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत. फोनवर विचारलं की तुमचं एकच उत्तर, पोर मजेत आहे.

कंपनीत जादा काम आहे, त्यामुळे आज आणि पुढच्या रविवारीही आम्हाला यायला जमत नाही, म्हणून लिहिते. शब्द दिलात, बरं वाटलं. आता उपाय विचारलात तर तोही लिहिते. सोबत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या पाठवल्या आहेत. त्यात औषध नाही, नुसतं मोजून केलेलं मीठपाणी आहे. घरी अंदाजाने करू नका, कमीजास्त झालं तर झोंबतं. जेवणाआधी आणि झोपण्याआधी तिच्या खांद्यांखाली लहान उशी ठेवून दोन्हीकडे थोडे थोडे सोडायचे, जरा वेळ तसंच राहू द्यायचं, मग उठवून बसवायचं आणि एकेक नाकपुडी दाबून हलकेच शिंकरायला लावायचं. जोर करायला सांगू नका, कानाला त्रास होतो. मॅडमनी लिहून दिलेला फवारा रोज सकाळी एकदा मारायचा. तो ॲलर्जीचा आहे, त्याचा गुण सावकाश येतो. लगेच काही दिसत नाही म्हणून कोनाड्यात टाकून देऊ नका, मला तुमचा कोनाडा माहीत आहे.

नाकात तेल नको, नाकाखाली बाम नको, कापूर तर जवळही नको. धुरी बंद करायची, आईंना वाईट वाटलं तरी. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायच्या. मांजर पोरीच्या अंथरुणात येता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचे थेंब बंद केले की सुरुवातीला नाक जास्तच चोंदेल. मॅडमनी मला दोनदा बजावलं आहे. तेव्हा धीर सोडायचा नाही, ते आपणहून उघडेल.

अँड्र्यू जिवंत आहेत. तुमचं पत्र वाचून हसू लपवायला ते दुसऱ्या खोलीत गेले असते, पण आम्हाला एकच खोली आहे. खाली त्यांची सही घेतली आहे, गिचमिड दिसते ती.

तुमच्या पाठीला आईंनी शेक द्यावा. माझा राग निम्मा उतरला आहे, उरलेला दयाचं नाक उघडल्यावर उतरेल.

आपली,
रूथ


भोरवस्ती, ता. जामखेड
दि. २ डिसेंबर २०२४

चि. सौ. रूथ हिस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलेलं सगळं केलं. मांजराला हाकललं, ते आता माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघतं. गोधड्या धुतल्या. दगडावर आपटताना तुझी सासू सगुणा प्रत्येक गोधडीमागे तुझं नाव घेत होती, आणि ते आशीर्वाद द्यायला नव्हे. धुरीची शेगडी तिने इतक्या जोराने बाजूला ठेवली की तिचा एक पाय मोडला. शेगडीचा.

पहिल्या काही रात्री वाईट गेल्या. पोर नुसती तळमळत होती, तळहाताने नाक वर ढकलत होती आणि आबा थेंब, आबा थेंब म्हणून माझा सदरा ओढत होती. बाटली माझ्या उशाखालीच होती. शब्द दिलेला नसता तर तुझ्या मॅडमना आणि तुला दोघींना मी विचारलं नसतं. तो राग वेगळा आहे, तो मी वेगळा ठेवला आहे.

मग गेल्या शुक्रवारी सकाळी सगुणाने मला हलवून उठवलं आणि म्हणाली, बघा, पोरगी तोंड मिटून झोपली हाय. आम्ही दोघं बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. चहासुद्धा केला नाही.

पण हे सुख एक दिवसही टिकलं नाही. शनिवारपासून नाक पुन्हा बंद. मीठपाणी घालतो, फवारा मारतो, काही फरक नाही. काल दिवसभर पेंगत होती, थंडीने असेल. तुझ्या मॅडमना सांग की त्यांचं मीठपाणी भाजीत घालायच्या लायकीचं आहे. तालमीत पोर पहिल्या ओळीला थांबली आणि माझ्याकडे बघून रडली. नाताळ तोंडावर आला आहे. मी माझा शब्द पाळतो आहे, आता तुझ्या मॅडमनी त्यांचा पाळावा.

वाट बघणारा,
पप्पा


नागापूर, अहिल्यानगर
दि. ७ डिसेंबर २०२४

पप्पा,

सलाम लिहायला हात उचलत नाही.

गुरुवारी दुपारी आईंचा फोन आला तेव्हा मी कामाच्या टेबलावर होते. दया हाक मारली तरी डोळे उघडत नाही, अंग गार पडलं आहे, एवढंच त्यांना बोलता आलं. अँड्र्यूंनी मशीन तसंच सोडलं. आम्ही दोघं तसेच जामखेडच्या दवाखान्यात आलो. तिच्या एवढ्याशा बोटाला चिमटा लावलेला होता आणि डॉक्टर ठोक्यांचे आकडे बघत उभे होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हिच्या नाकात कोणी थेंब घालतं का?

तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. तुम्ही मान हलवून नाही म्हणालात.

रात्रभर तिला नजरेखाली ठेवली. शुक्रवारी सकाळी तिने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मी पेला तिच्या ओठांना लावला. तिला तशीच नगरला आणली. इथे मॅडमनी तपासली आणि दुसऱ्यांदा तेच ऐकलं. मोठ्या माणसाचे थेंब पोटात गेले आहेत, थोडे नव्हे, भरपूर. अजून थोडे गेले असते तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

तुम्ही शब्द दिला होतात. लिहून दिला होतात, तो कागद माझ्याजवळ आहे. आणि पोरीचा जीव टांगणीला लागलेला असताना डॉक्टरांसमोर तुम्ही खोटं बोललात. तिचं पहिलं कडवं तुम्हाला एवढं महत्त्वाचं होतं? नाताळच्या दिवशी शमुवेल मास्तरांची नात काय गाते, असं चार लोकांनी म्हणावं यासाठी? दयाला विचारलं की तुला कोणी थेंब घातले, तर ती माझ्या पदरात तोंड लपवते आणि बोलत नाही. चार वर्षांच्या पोरीला गप्प राहायला शिकवलंत.

दया आता परत येणार नाही. नाताळलाही नाही. मला काम सोडावं लागलं तर मी सोडीन, फाउंड्रीची खिडकी विटांनी बंद करून घेईन, पण तिला तुमच्या हातात देणार नाही.

खाली लोभ, कृपा यातलं काही लिहीत नाही.

रूथ


भोरवस्ती, ता. जामखेड
दि. ९ डिसेंबर २०२४

सौ. रूथ हिस,

मी थेंब घातले नाहीत.

मला मूर्ख म्हण, अडाणी म्हातारा म्हण, गाण्याचा हावरा म्हण. त्यात थोडंफार खरं असेल. खोटारडा म्हणू नकोस. या वस्तीत माणसं बांधावरून भांडली की शेवटी माझ्या अंगणात येतात, कारण मास्तर सांगतील ते दोघांनाही पटतं. माझ्याकडे कमावलेलं एवढंच आहे, आणि ते तू एका कागदावर पुसून टाकलंस.

कोणी घातले ते मला माहीत नाही. सगुणाने नाहीत, ती त्या बाटलीला हातही लावत नाही. बाटली माझ्या उशाखाली असते आणि तिथेच होती. मी रोज रात्री घालतो आणि तिथेच ठेवतो.

दवाखान्यात मला पोरीच्या उशाशी यायचं होतं. तू माझ्याकडे अशी बघत होतीस की मला भिंत सोडवली नाही. त्या नजरेबद्दल मी तुला कधी माफ करीन, आज सांगता येत नाही.

तालीम बंद केली आहे. जोवर तो शब्द परत घेत नाहीस तोवर मला लिहू नकोस.

शमुवेल


नागापूर, अहिल्यानगर
दि. १५ डिसेंबर २०२४

ती. पप्पांना,
रूथचा आणि अँड्र्यूचा सलाम. वि. वि.

खोटारडे म्हटलं तो शब्द परत घेते. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुम्ही पुढचं न वाचता म्हशीकडे जाल अशी भीती वाटते.

आज दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि दया कॉटवर खेळत होती. तिने मिठाच्या पाण्याची रिकामी बाटली घेतली, उताणी झाली, मान कॉटच्या कडेवरून खाली सोडली, एका नाकपुडीत बाटली दाबली, मग दुसरीत. उठून बसली, लांब श्वास ओढला, छातीवर मूठ आपटली, घसा खाकरला आणि पहिलं कडवं सुरू केलं. अँड्र्यू हसून म्हणाले, अगदी पप्पा. आणि म्हणता म्हणताच त्यांचं हसू गेलं.

तिला जवळ घेऊन विचारलं. आधी बोलेना. आम्ही रागावणार नाही म्हटल्यावर सांगितलं. रात्री काय, दुपारी काय, आबा झोपले की ती तुमच्या उशाखालून बाटली काढायची. दोन थेंब तिला कुठले कळतात, ती दाबत राहायची, कडू पाणी घशात उतरेपर्यंत. कशाला, विचारलं तर म्हणाली, आबाचं नाक गातं, माझं नाक गात नाही. तोंड लपवत होती, कारण तुमची बाटली संपली तर आबा कसे गातील, म्हणून तुम्ही रागवाल असं तिला वाटत होतं. तुम्ही तिला काहीही शिकवलं नव्हतंत. तुमच्या दोन्ही हातांवर काही डाग नाही.

तरी माझा राग गेलेला नाही, पप्पा, आणि आता तो नीट जागेवर आला आहे. तुमच्या हातून थेंब पडला नाही हे खरं. पण रोज रात्री ती तुमच्या शेजारी पडून तुमचा हात बघत होती. तिचे बंद केलेत, स्वतःचे चालू ठेवलेत. तिला सांगितलंत हे वाईट आहे, आणि तिच्या देखत डोळे मिटून समाधानाने तेच नाकात घातलंत. पोरगी काय समजणार? चांगली वस्तू आबा मला देत नाहीत, एवढंच समजली.

कुलपात ठेवतो म्हणाल. कुलपातून काढून रोज घालणारच ना? ते ती बघणारच ना? मग ती स्टूल आणेल, किल्ली शोधेल. आपल्या घरात हट्ट कुणाकडून आला आहे ते मी सांगायला नको.

म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या घरात ती बाटली आहे त्या घरात दया येणार नाही. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या की इतक्या वर्षांची सवयसुद्धा सुटते, पण आठवडेच्या आठवडे हाल होतात, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून सोडावी. नाताळ दहा दिवसांवर आहे आणि तुमच्या आवाजावाचून उपासना सुरू होत नाही, हेही मला माहीत आहे. काय मागते आहे ते कळून मागते आहे.

दया बरी आहे. मीठपाणी, फवारा आणि बंद खिडकी यावर नाक बरंचसं उघडं राहतं. मी पंधरा दिवसांची बिनपगारी रजा काढली आहे. पुढचं माहीत नाही.

आईंना सलाम.

आपली,
रूथ


नागापूर, अहिल्यानगर
दि. ४ जानेवारी २०२५

ती. पप्पांना,
सलाम. वि. वि.

नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, तुमची एक ओळ नाही. अँड्र्यू नाताळला एकटे तिकडे येऊन गेले, आणि परत आल्यापासून तोंडाला कुलूप. विचारलं तर म्हणतात, पप्पांनाच विचार. बापलेकांनी मिळून मला वेड्यात काढायचं ठरवलं असेल तर तसं कळवा. माझी रजा संपली. सध्या दयाला शेजारच्या सुकन्याताई सांभाळतात, पण त्यांच्याही घरात धूळ आहेच.

दया रोज विचारते, आबा कुठे. मी तिला काय सांगू? बाटली निवडली असेल तर तेच लिहा. निदान रागावून लिहा. तुमच्या गप्प बसण्याचा मला तुमच्या ओरडण्यापेक्षा जास्त संताप येतो.

रूथ


भोरवस्ती, ता. जामखेड
दि. १९ जानेवारी २०२५

चि. सौ. रूथ हिस,
अनेक आशीर्वाद.

अर्ध्यावर आलेल्या कामाचं पत्र लिहायची मला सवय नाही, म्हणून उशीर झाला. अँड्र्यूला मीच गप्प बसवलं होतं. मध्येच हरलो असतो तर तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इतका चिडलो की वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कुठे चूक सापडते का बघायला. सापडली नाही, त्याने आणखी चिडलो. साठी ओलांडलेल्या माणसाने स्वतःच्या नाकात काय घालावं हे सुनेने ठरवायचं? त्या तिरीमिरीत बाटली उकिरड्यात फेकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जामखेडला जाऊन नवी आणली. हेही लिहितो, कारण नाही लिहिलं तर ते खोटं होईल. दारात सगुणा उभी होती. माझ्या खिशाकडे बघून तिने एवढंच विचारलं, पोरीला कळवू का, बाटली आली म्हनून?

मी घरात न जाता तसाच परत फिरलो आणि बाटली गहिनीनाथच्या टेम्पोत टाकली. कुठे नेऊन टाकली ते त्याला विचारू नकोस, मी विचारलेलं नाही.

त्यानंतर जे झालं ते तुझ्या मॅडमनी आठवडे म्हणून एका शब्दात सांगितलं. त्यांना काय जातं. नाक दगडासारखं. तोंडाने श्वास घेऊन घेऊन जीभ कोरडी लाकूड व्हायची. दया जशी बसून झोपायची तसा मी भिंतीला टेकून बसायचो, फक्त माझ्या छातीवर कोणी नव्हतं. सगुणा उठून पाणी द्यायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. जामखेडच्या डॉक्टरांनी फवारा दिला आणि मीठपाणी घाला म्हणाले. दयाच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या मी संपवल्या. भाजीत घालायच्या लायकीचं म्हणालो होतो, ते मागे घेतो.

नाताळच्या सकाळी मी गायनसंघात उभा राहिलो नाही, मागच्या बाकावर बसलो. पेटी वाजली तेव्हा राहवलं नाही म्हणून तोंड उघडलं, तर म्हशीने हुंकार द्यावा तसा आवाज आला आणि पुढच्या बाकावरची पोरं वळून हसली. पाळकसाहेबांनी गायनसंघातल्या प्रार्थना नावाच्या पोरीला सुरुवात करायला सांगितलं. ती नववीतली पोर, दोनदा चुकली, तरी उपासना सुरू झाली. माझ्यावाचून सुरू झाली, संपली, आणि लोक एकमेकांना भेटून घरी गेले. हे मला तुझ्यामुळे बघावं लागलं. त्याचा राग मला जन्मभर राहील, हे तुला माहीत असावं.

या आठवड्यात नाक आपणहून उघडलं. आता काल घडलं ते लिहितो. सगुणाने दयाचे राहिलेले कपडे तुझ्याकडे पाठवायला ट्रंकेतून काढले आणि तिचा निळा स्वेटर घडी घालायला माझ्या हातात दिला. मी घडी घालता घालता थांबलो. सगुणाला विचारलं, याला हा वास कसला येतो. ती म्हणाली, दयाचाच की, पयल्यापासून हाय.

रूथ, जूनपासून ती पोर रोज रात्री माझ्या कुशीत होती, खांद्यावर होती, छातीवर होती. थेंबांनी श्वास मोकळा व्हायचा, वास कधी कळायचा नाही; तिला वास आहे हे मला माहीत नव्हतं. अँड्र्यू तीन वर्षांचा असताना मी पहिली बाटली घेतली. त्याच्या अंगाला कसला वास यायचा ते मी सगुणाला विचारलं, तर तिने सांगितलं, आणि मला तो आठवला नाही. आठवायला आधी आलेला असावा लागतो.

स्वेटर पाठवत नाही. तो माझ्या अंथरुणात आहे. घरात बाटली नाही, विश्वास नसेल तर येऊन कानाकोपरा तपास. पण येताना तिला घेऊन ये. गायला लावणार नाही, तिला वाटलं तर ती गाईल. आधी मला तिला नुसतं जवळ घेऊन बसायचं आहे.

माझा राग आहे तसाच आहे. तुझी माया असेल तर तीही तशीच असू दे.

तुझा,
पप्पा